पॉवर विंडोला टॉगल बसवताना: आधी बघा, बटण मोकळं असताना तारा कुठे जातात

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बोलेरोच्या चारही दारांना बाजारात मिळणारं पॉवर विंडो किट बसवलंय आणि मोटरी चालतात. पण किटमधली प्लॅस्टिकची बटणं नकोत. त्यांच्याऐवजी गिअरमागच्या नव्या कन्सोलवर धातूचे चार टॉगल हवेत. पुढचं डावं दार आणि मागची दोन दारं यांवर प्रवाशांसाठी एकेक बटण हवं, आणि मागची बटणं ड्रायव्हरला बंद करता आली पाहिजेत. किटच्या बटणांच्या जागी टॉगल सरळ जोडले तर चालेल का?

एक काच एकाच जागेवरून चालवायची असेल तर चालेल. तीच काच दोन जागांवरून चालवायची म्हटलं, की कधी ना कधी फ्यूज उडेल. बटण दाबल्यावर काय होतं ते सगळेच बघतात. हे वायरिंग मात्र बटण सोडल्यावर काय होतं त्यावर ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

किटच्या मोटरीला दोनच तारा असतात. एकीला प्लस आणि दुसरीला मायनस दिला की काच वर, उलटं केलं की खाली. मोटरीचा बॉडीशी काही संबंध नसतो. तरी खात्री करून घ्या: कपलर सोडवा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बझर वाजतो त्या जागी) ठेवून प्रत्येक तार बॉडीशी तपासा. बझर वाजता कामा नये. मग मध्ये २० अँपिअरचा फ्यूज ठेवून बॅटरीवरून सरळ चालवून बघा. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर करंटही मोजा. सुस्थितीतली मोटर साधारण ४ ते ७ अँपिअर घेते, वर जाताना थोडा जास्त. काच टोकाला अडली की तोच आकडा १५-२० च्या पुढे जातो. वर जाताना सतत १० च्या वर दिसत असेल तर दोष बटणात शोधू नका. काचेचं चॅनल रबर सुकलंय किंवा काच उचलणारी मशीन वाकडी बसली आहे. रबरावर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात काच आणखी जड होते. मोटरीला दोनाऐवजी पाच-सहा तारा असतील तर ती सेन्सरवाली मोटर आहे आणि पुढची पद्धत तिला जशीच्या तशी लागू होत नाही.

आता बटणं. कामाच्या दृष्टीने ती तीन जातींची असतात.

पहिली किटची पाच पिनांची. मोकळ्या अवस्थेत हे बटण मोटरीच्या दोन्ही तारा अर्थिंगला (गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला) टेकवून ठेवतं. वरचा भाग दाबला की एक तार अर्थिंगवरून उचलून प्लसवर नेतं, दुसरी तिथेच राहते. खालचा दाबला की याच्या उलट. यात आणखी एक फायदा आहे. बटण सोडलं की मोटरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे मोटरीला ब्रेक लागतो आणि काच जागच्या जागी थांबते.

दुसरी जात सहा पिनांच्या टॉगलची. मोकळा असताना हा मोटर दोन्हीकडून तोडून ठेवतो, तारा कुठेच जोडलेल्या नसतात. चार टोकांच्या पिनांवर प्लस-मायनसची फुली मारायची (एका बाजूला प्लस-मायनस, समोरच्या बाजूला त्याच्या उलट) आणि मधल्या दोन पिनांवरून मोटर घ्यायची, ही याची ठरलेली जोडणी. काच घसरत नाही, कारण मोटरीतला वर्म गिअर ती धरून ठेवतो. फक्त हात काढल्यावर काच किंचित पुढे सरकून थांबते.

तिसरी जात नव्या गाड्यांच्या तयार स्विच पॅनेलची. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून अशी पॅनेलं स्वस्तात मिळतात आणि दिसायलाही झकास असतात. पण त्यातल्या बऱ्याच पॅनेलांमधून मोटरीचा करंट वाहतच नाही. ती आतल्या कंट्रोल युनिटला फक्त इशारा देतात. पैसे देण्याआधी दुकानातच मीटर लावून बघा. बटण दाबल्यावर कुठल्याच दोन पिनांमध्ये स्वच्छ बझर वाजत नसेल तर ते परत ठेवा.

पाच पिनांच्या बटणाच्या पिना ओळखायला कागदी आकृती लागत नाही, आणि असली तरी तिच्यावर विसंबू नये. सारख्या दिसणाऱ्या दोन लॉटमध्येही पिनांचा क्रम वेगळा निघतो.

१. बटण मोकळं ठेवून सगळ्या पिना एकमेकींशी तपासा. दोन जोड्या वाजतील आणि एक पिन एकटी राहील. ती एकटी पिन प्लसची.
२. वरचा भाग दाबून धरा. एक जोडी तुटेल आणि तिच्यातली एक पिन प्लसच्या पिनेशी वाजेल. ती मोटरीची, तिची जोडीदार अर्थिंगची.
३. खालचा भाग दाबून दुसरी जोडी अशीच वेगळी करा आणि मार्करने बटणाच्या पाठीवरच लिहून ठेवा.

मोकळ्या अवस्थेत दोन वेगळ्या जोड्यांऐवजी तीन किंवा चार पिना एकत्र वाजल्या तर दोन्ही अर्थिंग आतूनच जोडलेली आहेत. हे लक्षात असू द्या, पुढे याची गरज पडणार आहे. सहावी-सातवी पिन असेल तर ती आतल्या दिव्याची.

टॉगलचा हट्ट सोडलात तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) न वापरताही एक काच दोन जागांवरून चालते, आणि किटमध्ये दिलेली पद्धत तीच असते. दारावरच्या बटणाच्या मोटर-पिना मोटरीला जोडायच्या. त्याच्या अर्थिंगच्या दोन पिना मात्र बॉडीला न जोडता ड्रायव्हरच्या बटणाच्या मोटर-पिनांवर न्यायच्या. खरं अर्थिंग फक्त ड्रायव्हरच्या बटणाला. दारावरचं बटण मोकळं असताना ड्रायव्हरचा हुकूम त्याच्यातून आरपार मोटरीपर्यंत जातो. दोघांनी एकाच वेळी उलटसुलट दाबलं तर मोटरीची दोन्ही टोकं प्लसवर येतात आणि काच थांबते, एवढंच. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे "अर्थिंगची पिन आहे ना" म्हणून दारावरच्या बटणालाही बॉडी अर्थिंग देणं. मग दारावरून काच छान चालते आणि ड्रायव्हरने दाबलं की त्याच क्षणी फ्यूज जातो, कारण त्याचा प्लस दारावरच्या बटणातून थेट बॉडीत उतरतो. ड्रायव्हरच्या बटणावरून दिशा उलटी येत असेल तर दोन बटणांमधल्या तारा अदलाबदल करा, मोटरीकडच्या नको. मोटरीकडच्या बदलल्या तर दारावरचं बटण उलटं होऊन बसेल.

तुम्हाला टॉगलच हवेत आणि मोकळा टॉगल तारा अर्थिंगला धरून ठेवत नाही, त्यामुळे हा मार्ग बंद. सहा पिनांचे दोन टॉगल एकाच मोटरीला समांतर जोडून एकाने वर आणि दुसऱ्याने खाली केलं, तर प्लस आणि मायनस थेट भिडतात. शिवाय टॉगलवर "२५० व्होल्ट एसी, १५ अँपिअर" असं छापलेलं असलं तरी तो आकडा एसीचा आहे. एसीमध्ये करंट दर आवर्तनात शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीमध्ये ती ओढली जाते आणि वरून मोटरीच्या गुंडाळीचा झटका असतो. काच टोकाला अडलेली असताना टॉगल सोडण्याचा क्षण कॉन्टॅक्टसाठी सर्वांत वाईट. काही महिन्यांत ते खरवडले जातात आणि एखाद्या दिवशी चिकटून बसतात. म्हणून टॉगलने फक्त रिले चालवायचा, मोटर रिलेने चालवायची.

एका काचेला पाच पिनांचे दोन रिले, म्हणजे तुमच्या गाडीला आठ. गाडीत सर्रास वापरतात तेच १२ व्होल्ट, ४०/३० अँपिअरचे चौकोनी रिले घ्या. सॉकेटसकट घ्या, पिनांवर सुटे लग खोचत बसू नका. जोडणी अशी:

पिन ३०: मोटरीची एक तार (दुसऱ्या रिलेच्या ३० वर मोटरीची दुसरी तार)
पिन ८७: त्या दाराच्या फ्यूजवरून आलेला प्लस
पिन ८७ए: अर्थिंग
पिन ८६: टॉगलवरून येणारा इशारा (एका रिलेला वर जाण्याचा, दुसऱ्याला खाली येण्याचा)
पिन ८५: अर्थिंग

रिले मोकळे असताना ३० आणि ८७ए जोडलेले राहतात, म्हणजे मोटरीची दोन्ही टोकं अर्थिंगवर. किटच्या पाच पिनांच्या बटणाचं वागणं आपण रिलेच्या जोडीतून पुन्हा उभं केलं, ब्रेकसकट. आता समांतर कितीही बटणं लावा. उलटसुलट दाबली गेली तर दोन्ही रिले ओढले जातात, मोटरीच्या दोन्ही टोकांना प्लस मिळतो आणि काच थांबते.

रिले विकत घेताना पिनांवरचे आकडे वाचा. मधल्या पिनेवर ८७ए ऐवजी पुन्हा ८७ छापलेले रिलेही मिळतात. त्यांना मोकळ्या अवस्थेतला कॉन्टॅक्टच नसतो. ते बसवले तर टिक-टिक आवाज येईल आणि काच हलणार नाही. दुसरी चूक जास्त छुपी: ८७ आणि ८७ए ची अदलाबदल. काच तरीही चालते, फक्त दिशा उलटी होते, आणि बसवणारा मोटरीच्या तारा पलटून मोकळा होतो. पण आता दारातल्या दोन्ही तारा चोवीस तास प्लसवर आहेत. बिजागरीपाशी तार घासली की थेट शॉर्ट. म्हणून बसवून झाल्यावर मोटरीच्या दोन्ही तारांवर व्होल्टेज मोजा. कुणीही काही दाबलेलं नसताना दोन्हीकडे शून्यच दिसलं पाहिजे.

टॉगल आता तीन पिनांचाही पुरतो, पण स्प्रिंगचाच हवा: दोन्ही बाजूंना ढकलता येणारा आणि हात काढला की मध्ये परत येणारा. दुकानात तो (ऑन)-ऑफ-(ऑन) या नावाने मागा, कंस महत्त्वाचे. कंस नसलेला टॉगल ढकललेल्या जागी टिकून राहतो. काच वर पोचली तरी मोटर अडून करंट घेत राहते, आतला थर्मल कटआउट (मोटर तापली की करंट तोडणारा भाग) तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो, आणि हा खेळ मोटर जळेपर्यंत चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत दोन्ही प्रकार एकाच बरणीत ठेवलेले असतात. हाताने ढकलून बघूनच घ्या.

इशारा प्लसचा द्यायचा की अर्थिंगचा, यावर वायरमन लोकांत मतभेद आहेत. अर्थिंगने रिले ओढायला एक तार वाचते. तरी दारातून जाणाऱ्या तारांसाठी प्लसच वापरा. दाराच्या घडीत इशाऱ्याची तार कधीतरी सोलली जातेच. अर्थिंगचा इशारा असेल तर ती बॉडीला टेकताच काच कुणी न सांगता वर चालू लागेल. प्लसचा असेल तर बटण दाबल्यावर छोटा फ्यूज उडेल आणि काम तिथेच थांबेल. तेवढ्यासाठी एक तार जास्त गेली तर जाऊ द्या.

इशाऱ्याचा प्लस चावीवरून घ्या, ५ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजमधून. रिलेची कॉइल ०.१५ अँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे ०.५ चौ. मिमी तार भरपूर झाली. चावी काढली की इशारा मरतो आणि काचा चालत नाहीत. म्हणून मोटरींचा मोठा प्लस बॅटरीवरून कायम ठेवला तरी चालतो, वेगळा मुख्य रिले लागत नाही. इशाऱ्याचा प्लस तीन वाटांनी न्या: कन्सोलवरच्या चार टॉगलना एक, पुढच्या डाव्या दाराच्या बटणाला एक, आणि मागच्या दोन दारांना मिळून एक. या शेवटच्या वाटेत एक साधा ऑन-ऑफ टॉगल टाका. तोच तुमचा मागच्या बटणांचा लॉक. तो बंद असताना मागची बटणं मुकी होतात, ड्रायव्हरचे टॉगल चालूच राहतात. हा टॉगल मात्र स्प्रिंगचा नको.

दारांवर किटचीच पाच पिनांची बटणं वापरायची असतील तर मघाची गोष्ट आठवा. त्यांच्या अर्थिंगच्या दोन्ही पिना रिकाम्या सोडा. जोडल्यात तर मोकळं बटण इशाऱ्याच्या तारा अर्थिंगला धरून ठेवेल आणि ड्रायव्हरने टॉगल दाबताच ५ अँपिअरचा फ्यूज जाईल. आणि ज्या बटणात दोन्ही अर्थिंग आतून जोडलेली आहेत ते इथे वापरूच नका. मोकळं असताना त्यात वरची आणि खालची तार एकमेकींना जोडलेल्या असतात. ड्रायव्हरने काहीही दाबलं तरी दोन्ही रिले एकदम ओढले जातील आणि काच जागची हलणार नाही. यावर दोन-दोन रिले बदलून पाहणारे खूप, दारातलं बटण काढून पाहणारे थोडे.

प्रत्येक रिलेच्या कॉइलवर, म्हणजे ८५ आणि ८६ यांच्यामध्ये, १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, पांढरा पट्टा ८६ कडे. कॉइल सुटताना येणारा झटका तो गिळतो आणि टॉगलचे कॉन्टॅक्ट टिकतात. डायोड उलटा बसला तर इशाऱ्याचा फ्यूज पहिल्याच दाबात उडेल.

तारांच्या जाडीत कंजुषी नको. रिले डॅशखाली ठेवले तर मागच्या मोटरीपर्यंत जाऊन-येऊन साधारण ६ मीटर तार होते. १ चौ. मिमी तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१९५ ओहम, म्हणजे ६ मीटरला ०.११७. मोटर ७ अँपिअर घेत असताना ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. जड काच १५ अँपिअर मागते तेव्हा पावणेदोन व्होल्ट जातात, नेमके जोर हवा तेव्हा. २.५ चौ. मिमी तारेत हीच घट ७ अँपिअरला ०.३ व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून रिले ते मोटर २.५ चौ. मिमी. बॅटरी ते फ्यूज बॉक्स ६ चौ. मिमी, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज, आणि पुढे प्रत्येक दाराला २० अँपिअरचा वेगळा. किटच्या हार्नेसमधली बारीक तारच ठेवणार असाल तर फ्यूजही तिच्या मापाचा, १५ अँपिअरचा. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. "सारखा उडतो" म्हणून ३० चा टाकला, तर पुढच्या वेळी तार जळेल.

अर्थिंगसाठी सगळ्या ८७ए एका जाड तारेवर गोळा करा आणि डॅशखाली बॉडीच्या एका बोल्टवर घ्या. रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून, वरून पेट्रोलियम जेली लावून. दाराच्या पत्र्यावर अर्थिंग कधीच नको. बिजागरीतलं ग्रीस आणि गंज यांच्यावर तुमची मोटर अवलंबून राहते. तपासणी सोपी: काच वर जात असताना त्या बोल्ट आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर बोल्ट पुन्हा उघडा.

रिले दारात ठेवू नका. दाराच्या आत पाणी येतंच. केबिनमध्ये, पिना खाली करून बसवा. दारात शिरणाऱ्या तारा तेवढ्याच: मोटरीच्या दोन, बटणाच्या तीन, दिवा असेल तर एक. पत्र्याच्या दोन्ही भोकांना ग्रोमेट (रबरी कडं), मध्ये रबरी बूट. घडीच्या जागेत जोड नको, आणि तार बारीक पदरांची, लवचीक. तारेचा झोल भोकापेक्षा खाली येऊ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकेल, तारेवरून केबिनमध्ये येणार नाही. दाराचं आतलं पॅड लावण्याआधी काच पूर्ण खाली आणून बघा, तार तिच्या वाटेत नाही ना. आणि दारावरचा प्लॅस्टिकचा कागद परत चिकटवा. तो फाडून फेकला की पहिल्या पावसाळ्यात पॅड फुगलंच.

कन्सोलवरच्या टॉगलबद्दल एक आग्रहाचं. युरोपात चालणाऱ्या यूएन नियम २१ प्रमाणे आपोआप बंद होणाऱ्या काचेला १०० न्यूटनचा दाब जाणवण्याआधी मागे फिरावं लागतं. बाजारातल्या साध्या किटमध्ये अशी सोय नसते. बोट सापडलं तरी मोटर कटआउट लागेपर्यंत रेटत राहते. म्हणून एका दाबात पूर्ण वर जाणारं मॉड्यूल या मोटरींना लावू नका. खाली जाण्यापुरतं हरकत नाही. आडव्या कन्सोलवर टॉगलची दिशा अशी ठेवा की पुढे ढकलल्यावर काच उघडेल आणि मागे ओढल्यावर बंद होईल. कोपर, पिशवी, लहान मुलाचा गुडघा यांनी टॉगल बहुधा ढकलला जातो, ओढला जात नाही. दोन टॉगलमध्ये छोटी आडवी पट्टी किंवा कडं बसवलं तर आणखी बरं.

चालू झाल्यावरचे दोष. चालता चालता काच मध्येच थांबते आणि मिनिटभराने पुन्हा चालते: मोटरीचा कटआउट, म्हणजे रबर किंवा मशीन जड. सगळ्याच काचा मंद: अर्थिंगचा बोल्ट किंवा बॅटरीकडची तार. एकच मंद: त्या दाराची तार किंवा कपलर. ड्रायव्हरने दाबलं तरच इशाऱ्याचा फ्यूज जातो: दारावरच्या बटणाच्या अर्थिंग पिना जोडलेल्या राहिल्यात.

आणि काच खाली येते पण वर जात नाही, रिलेचा टिक आवाज मात्र दोन्हीकडे येतो. अशा वेळी सगळे वरचा रिले बदलतात. पण वर जाताना वरचा रिले प्लस देतो आणि करंट परत येतो तो खालच्या रिलेच्या मोकळ्या कॉन्टॅक्टमधून. त्यामुळे आधी खालच्या रिलेचा ८७ए तपासा: सॉकेटमध्ये पिन मागे सरकली आहे का, अर्थिंगची तार क्रिम्पमधून सुटली आहे का. तिथे सगळं ठीक निघालं तरच वरच्या रिलेच्या ८७ वर प्लस येतोय का ते बघा.